दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा

विमा म्हटला की आपल्यापुढे काय येते? आपला जीव, आपले घर, आपले पीक, फार तर दावणीची जनावरे. जे आपले आहे ते गेले तर त्याचे पैसे मिळावेत, ही विम्याची सरळ कल्पना. पण विम्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात आपले स्वतःचे काहीच गेलेले नसते. गेलेला असतो दुसऱ्याचा हात, दुसऱ्याचा डोळा, कधी दुसऱ्याच्या घरचा कर्ता माणूस. आणि तो आपल्या कामावर, आपल्या यंत्रापायी किंवा आपल्या हयगयीमुळे गेलेला असतो. त्याची भरपाई कायद्याने आपल्या अंगावर येते. त्या देण्याचा जो विमा, त्याला जबाबदारीचा विमा म्हणतात.

ही वस्तू विलायतेहून आली असे आपण समजतो. कागद तिकडून आले हे खरे. पण त्या कागदामागची जी मागणी, ती आपल्याच माणसांनी फार पूर्वी केलेली आहे. शिक्षकबंधूंना नारायण मेघाजी लोखंडे हे नाव रविवारच्या सुट्टीमुळे ठाऊक असते. ती सुट्टी १८९० सालची. त्याआधी सहा वर्षे, सप्टेंबर १८८४ मध्ये, लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्याच. त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती: कामावर जबर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही मागणी बहुधा गळते. माझ्या मते त्या अर्जातली सगळ्यांत दूरदृष्टीची मागणी तीच होती. योगायोग असा की त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला.

आपल्याकडे मात्र त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. तोपर्यंत काय होते? १८५५ सालचा एक कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर घरच्यांना दावा लावता येई. पण चूक शाबीत कोणी करायची? पट्ट्यात सापडून मेलेल्या कामगाराच्या विधवेने! त्यातून इंग्रजी न्यायालयांनी १८३७ पासून एक विलक्षण तत्त्व रूढ केले होते. सोबतच्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण असला धोका पत्करूनच तू नोकरी धरलीस, असा त्याचा अर्थ. म्हणजे पोट भरायला आला हाच त्याचा गुन्हा म्हणायचा.

हे चित्र १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने पालटले. चूक कोणाची हा प्रश्न बहुतेक बाजूला पडला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे पुरे. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम ठरली. अंगठा गेला, बोट गेले, तर कमाईची ताकद किती टक्के घटली याचे कोष्टकच कायद्याला जोडले गेले. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या, आणि यंत्राने चालणारे शेतकामही त्याच्या कक्षेत आले. मळणीयंत्रात हात गेला तर तो 'नशिबाचा भोग' राहिला नाही, एवढे शेतकरीबंधूंनी लक्षात ठेवावे.

आता खरी अडचण पाहा. कायद्याने हक्क दिला, पण मालकाजवळ द्यायला पैसा नसेल तर? मोठी गिरणी देईल. लहान माणूस कोठून देणार?

यासाठी आपण नाशिकजवळ सातपूरला जाऊ. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूरच्या शेतजमिनीवर कारखाने उभे राहिले. मायको, महिंद्र यांसारखे मोठे कारखाने आले, आणि त्यांच्यामागे सुटे भाग करून देणाऱ्या लहान गाळ्यांची रांग लागली. दोन लेथ, एक पॉवर प्रेस, पाच-सात माणसे, बँकेचे कर्ज: असा हा मालक. त्याच्याकडे चाळीस वर्षांचा कामगार दगावला तर १९२३ च्या कायद्याच्या अखेरच्या हिशेबाप्रमाणे, म्हणजे पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेचा अर्धा भाग गुणिले १८४.१७, असे सुमारे १३ लाख ८१ हजार रुपये होत. गाळा विकला तरी बँकेचे फिटून एवढे उरतील का? गाळा बंद पडला की उरलेल्या सहा जणांचीही चूल थंडावते.

म्हणून जबाबदारीचा विमा मालकाच्या सोयीचा वाटला तरी खरा आधार जखमी माणसाचा आहे. १९२३ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमात हे स्पष्ट होते: मालक दिवाळखोर झाला, तर विमा कंपनीकडून पैसे मागण्याचा त्याचा हक्क थेट कामगाराकडे जाई. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. भरपाईची जबाबदारी मालकावर आहेच.

दहा किंवा अधिक माणसे असली की बहुतेक ठिकाणी राज्य कामगार विमा योजना लागू होते. १९४८ च्या कायद्याने ती आली. सातपूरचे कामगार विमा रुग्णालय त्याच योजनेतले. त्या योजनेत बसणाऱ्या कामगाराची भरपाई योजनाच देते. प्रश्न उरतो तो दहाच्या खालच्या गाळ्यांचा, विहिरीवरच्या कामाचा, घरबांधणीच्या ठेकेदाराचा.

रस्त्यावरची गोष्ट निराळी. तेथे १ जुलै १९४६ पासून मोटारमालकाला परक्या माणसाच्या इजेचा विमा सक्तीचाच आहे. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने हजारो माणसे मारली, आणि १९९१ साली घातक द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यांनाही आसपासच्या लोकांसाठी विमा सक्तीचा झाला. मोठे संकट आल्याशिवाय आपला कायदा हलत नाही, ही जुनीच खोड.

विमा घ्यायचा झाला तर दोन गोष्टी नीट पाहाव्यात, बरं का. एक, कामगारांसाठी घेतलेली पॉलिसी दुकानात घसरून पडलेल्या गिऱ्हाइकाला लागू होत नाही. तिच्यासाठी वेगळी पॉलिसी असते. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीत बसवून जत्रेला नेलेल्या माणसांची भरपाई कंपनी देईलच, असेही समजू नये. दुसरी गोष्ट हजेरीपटाची. कामगार विम्याचा हप्ता माणसे आणि पगार यांच्यावर ठरतो. हप्ता वाचवायला पटावर चार नावे आणि कामावर सात माणसे असली, तर अपघाताच्या दिवशी कंपनी पहिल्यांदा तो पटच मागते. आणि अपघात कोणत्या माणसाला गाठील हे पट पाहून ठरत नाही.