उंचावलेलें वजन आणि आवळलेली कमान

मनुष्याचे श्रम वस्तूच्या ठिकाणीं सांठून राहतात आणि मागाहून परत मिळतात, ही गोष्ट पंडितांच्या आधीं घड्याळजींच्या हातीं आली. चौदाव्या शतकांत युरोपांतील मनोऱ्यांवर जीं मोठीं घड्याळें बसविलीं गेलीं, तीं दोरीला टांगलेल्या जड वजनावर चालत. सेवकानें तें वजन वर चढवावें, आणि मग सावकाश खालीं उतरतां उतरतां त्यानें चाकें फिरवावीं. चढवितांना जे श्रम पडले, तेच उंचीच्या रूपानें सांठले. उंची दुप्पट केली, तर सांठाही दुप्पट.

पंधराव्या शतकांत कारागिरांनीं पोलादी पट्टीची कमान डबींत गुंडाळून तिच्याकडून तेंच काम करून घेतलें. घड्याळ आतां बरोबर नेतां येऊं लागलें. परंतु एक अडचणही उभी राहिली. वजनाची ओढ आरंभापासून अखेरपर्यंत सारखी असते. कमान मात्र पूर्ण आवळलेली असतां जोरानें ओढते आणि सैल होतां होतां तिचा जोर ओसरतो. त्यावर उपाय म्हणून शंकूच्या आकाराची चाकी योजण्यांत आली. कमान जोरांत असतां दोरी शंकूच्या निमुळत्या बाजूवर ओढी, जोर घटला कीं रुंद बाजूवर. त्यामुळें चाकांना मिळणारा रेटा सारखा राही.

ह्या ओढीचा नियम इंग्लंडांत रॉबर्ट हूक ह्यानें शोधला. १६७६ सालीं त्यानें तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपानें छापला आणि १६७८ सालीं त्याची उकल प्रसिद्ध केली. ताण ज्या प्रमाणांत वाढेल त्याच प्रमाणांत जोर वाढतो, हा त्याचा आशय. म्हणूनच कमान दुप्पट ताणण्यास श्रम दुप्पट नव्हे, चौपट लागतात आणि सांठाही चौपट होतो.

वजन कीं कमान, हा प्रश्न समुद्रावर जिवाशीं येऊन भिडला. १७०७ च्या ऑक्टोबरांत ॲडमिरल शॉव्हेल ह्याच्या आरमारांतील चार जहाजें सिली बेटांच्या खडकांवर फुटलीं आणि हजाराहून अधिक माणसें बुडालीं. आपण नेमके कोठें आहोंत, हें त्यांना कळलें नव्हतें. १७१४ सालीं पार्लमेंटनें अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश सांगण्याची रीत शोधणाऱ्यास २०,००० पौंडांचें बक्षीस लावलें. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. निघालेल्या बंदराची अचूक वेळ जवळ असेल, तर सूर्यावरून कळणाऱ्या स्थानिक वेळेशीं ती ताडून रेखांश काढतां येतो. पण डोलणाऱ्या जहाजावर वजनाची ओढ स्थिर कशी राहावी? जहाज उसळी घेऊं लागलें कीं ती वाढते, खालीं कोसळूं लागलें कीं घटते. लंबकाचीही तीच गत.

जॉन हॅरिसन नांवाच्या सुतारानें कमानीचा आश्रय केला. त्याचें सुमारें १३ सेंटिमीटर व्यासाचें घड्याळ १७५९ सालीं पुरें झालें. १७६१ च्या नोव्हेंबरांत त्याचा मुलगा विल्यम तें घेऊन जमेकास निघाला. रोजची ठरलेली तूट हिशेबांत धरतां ८१ दिवसांत तें अवघें ५ सेकंद मागें पडलें. मुभा होती दोन मिनिटांची! तरी रेखांश-मंडळाचें समाधान होईना. अखेर १७७३ सालीं पार्लमेंटनें ८,७५० पौंड देवविले, तेव्हां हॅरिसन ८० वर्षांचा झाला होता. १७७६ सालीं तो वारला.

उंचींतील आणि ताणांतील सांठ्याला एकच नांव मिळण्यास आणखी ७७ वर्षें जावीं लागलीं. १८५३ सालीं स्कॉटलंडचा इंजिनिअर विल्यम रँकिन ह्यानें योजिलेली संज्ञा मराठींत स्थितिज ऊर्जा म्हणून रूढ आहे. शाळेंतील विद्यार्थी वजनासाठीं एक सूत्र आणि कमानीसाठीं दुसरें पाठ करतो. परंतु वजन चढविणारा हात आणि किल्ली फिरविणारा हात, दोघांचे श्रम एकाच मापानें मोजले जातात. हॅरिसनच्या कमानीनें ते श्रम, त्यांना नांव मिळण्यापूर्वींच, समुद्रापार पोहोंचविले होते.