वेंगुर्ल्याची वखार आणि आकाशातले घड्याळ

वेंगुर्ल्याची डच वखार केवळ मिरी-कापडाच्या व्यापाराची आठवण म्हणून सांगितली जाते, ते अपुरे आहे. 1636 पासून डच आरमार पावसाळा सरला की गोव्याच्या तोंडाशी येऊन पोर्तुगीज जहाजांची वाट अडवत असे. 1637 मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून डच ईस्ट इंडिया कंपनीने वेंगुर्ल्यात वखार घातली, कारण त्या आरमाराला पाणी, धान्य आणि गोव्याच्या बातम्या पुरवायला हे बंदर अगदी हाताशी होते. पण डच इथवर पोचले कसे? पूर्वेकडचे जलमार्ग पोर्तुगीजांनी जवळजवळ शतकभर गुपित राखले होते. यान हुयगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या चाकरीत होता. तिथे त्याने मिळवलेली मार्गांची माहिती 1595-96 मध्ये हॉलंडमध्ये छापली गेली आणि चाळीसेक वर्षांत वेंगुर्ल्यात डच निशाण लागले. भांडवल आणि तोफाही लागल्याच. पण वाटच ठाऊक नसती तर त्या तोफा गोव्यासमोर आल्या नसत्या. मार्गाचे ज्ञान हे युद्धाचे साधन आहे आणि ज्याच्या हाती ते असते तोच ते कोणाला द्यायचे हे ठरवतो, असे माझे म्हणणे आहे.

आज हे मार्गाचे ज्ञान उपग्रहांकडून येते. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मुळात लष्कराची. मे 2000 पर्यंत ती नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून देत असे, आणि स्थान सुमारे शंभर मीटरने चुकू शके. वेंगुर्ला रॉक्सच्या खडकांजवळून रात्री जाणाऱ्या जहाजाला एवढी चूक पुरेशी आहे. कारगिल युद्धात अमेरिकेने माहिती नाकारल्याची कथा सर्रास सांगितली जाते, पण तिचा आधार घेण्याची गरजच नाही. जाहीरपणे राबवलेले हे धोरणच बोलके आहे. ‘आता फोनमध्ये चार-चार देशांचे संकेत फुकट मिळतात, मग स्वतःची यंत्रणा कशाला?’ हा आक्षेप शांततेच्या काळापुरता बरोबर आहे. हे संकेत देणाऱ्यांच्या मर्जीवर चालतात. आपल्या ‘नाविक’ या देशी उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेत सैन्यासाठी सांकेतिक, मर्यादित सेवा वेगळी ठेवली आहे, ती याचसाठी.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: आपली यंत्रणाच लंगडी आहे. 1 जुलै 2013 रोजी पीएसएलव्ही-सी22 या रॉकेटने नाविकचा पहिला उपग्रह आयआरएनएसएस-1ए कक्षेत नेला, पण पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. ती परदेशातून आणलेली होती. घड्याळ चुकले की उपग्रह आकाशात असूनही स्थान सांगायला निरुपयोगी ठरतो, कारण संकेत पोचायला लागलेल्या वेळेवरूनच अंतर काढले जाते. सेकंदाचा एक अब्जांश भाग चुकला तरी फूटभर फरक पडतो. 29 मे 2023 ला सोडलेल्या एनव्हीएस-01 या नाविकच्या उपग्रहावर देशी रुबिडियम घड्याळ बसले, ही मला प्रक्षेपणाहून मोठी घटना वाटते. जानेवारी 2025 मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणाने एनव्हीएस-02 अवकाशात गेला, पण झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. हे अपयश खरे आहे. पण त्यातून परक्या संकेतावर समाधान मानावे हे सिद्ध होत नाही, उलट राखीव उपग्रह वेळेवर तयार ठेवण्यात आपण कमी पडलो हे दिसते. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला मच्छीमार नौकांसाठी त्यांचे स्थान कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची देशव्यापी योजना सुरू झाली. आता या दिरंगाईची झळ सैन्याइतकीच होडीवाल्यांनाही बसेल.