अंटार्क्टिका करार

अंटार्क्टिका करार : ६०° दक्षिण अक्षवृत्ताच्या दक्षिणेकडील सर्व प्रदेश केवळ शांततामय कार्यासाठी, मुख्यत्वे शास्त्रीय संशोधनासाठी, राखून ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी त्यावर सह्या केल्या व २३ जून १९६१ पासून तो अमलात आला.

या कराराचे मूळ मुत्सद्द्यांपेक्षा निरीक्षकांच्या खटपटीत सापडते. नवी भूमी प्रथम गाठण्याची चढाओढ सोडून अनेक ठाण्यांवरून एकाच वेळी व एकाच पद्धतीने हवामानाचे आणि भूचुंबकत्वाचे वेध घ्यावेत, असा आग्रह ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातील कार्ल वायप्रेख्त याने धरला; त्यातून १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष साकार झाले, परंतु ते पाहण्यास तो हयात नव्हता. पुढे १९५७-५८ च्या भूभौतिकीय वर्षात बारा राष्ट्रांची पथके अंटार्क्टिकावर कामाला लागली, तेव्हा ही ठाणी नेमकी कोणाच्या मुलखात आहेत हा प्रश्न टाळण्याजोगा राहिला नाही.

सात राष्ट्रांनी तेथे स्वामित्वाचे दावे सांगितले होते. त्यांपैकी ब्रिटन, अर्जेंटिना व चिली यांच्या हद्दी परस्परांवर चढलेल्या होत्या, आणि अमेरिका व सोव्हिएट संघ यांना कोणाचाच दावा मान्य नव्हता. चौथ्या कलमाने हा तंटा तोडला नाही, तहकूब ठेवला : जुने दावे मान्यही नाहीत आणि रद्दही नाहीत, नव्यांना मात्र मज्जाव. कायदेपंडितांना ही संदिग्धता खटकते. वस्तुतः सारी इमारत तिच्यावरच उभी आहे. लष्करी तळ व अणुस्फोट वर्ज्य ठरले, आणि एकमेकांच्या ठाण्यांची केव्हाही तपासणी करण्याची मुभा शीतयुद्ध ऐन भरात असताना मिळाली.

हे सहकार्य संशोधनातही उतरले : सोव्हिएट संघाच्या (पुढे रशियाच्या) व्होस्टोक ठाण्यावर छिद्रणयंत्राने काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांची वाहतूक अमेरिकी विमानांनी केली आणि त्यांचे पृथक्करण ग्रनोबल येथील फ्रेंच प्रयोगशाळेत झाले. हे वेधन १९९८ मध्ये ३,६२३ मीटर खोलीपर्यंत पोहोचले. बर्फात कोंडलेली प्राचीन हवा मोकळी करून मोजली असता, गेल्या चार लाखांहून अधिक वर्षांत तापमान व कार्बन डायऑक्साइड यांचे चढउतार बरोबरीने होत आल्याचे दिसून आले.

अंटार्क्टिकाचा प्रश्न १९५६ मध्येच संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेऊ पाहणारा भारत मूळ करारात नव्हता. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून पहिली मोहीम निघाली, आणि १९८३ मध्ये भारताला सल्लागार सदस्यत्व मिळाले. मैत्री व भारती या ठाण्यांवरील संशोधनाची व्यवस्था आज वास्को द गामा येथील राष्ट्रीय केंद्राकडे आहे.