गर्दीतली साखळी

ठाकुर्लीची जुनी ओळख म्हणजे चोळे पॉवर हाऊस. १९२९मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने रेल्वेला वीज दिली. याच टापूचा दुसरा, कमी सांगितला गेलेला इतिहास धाग्याचा आहे. कल्याणच्या पुढे शहाडला सेंच्युरी रेयॉन, आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉन. लाकडाच्या लगद्यातून रेशमासारखा धागा काढणारे हे कारखाने.

धाग्याची कृती जुनी, क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज त्रयीने १८९२मध्ये पेटंट घेतलेली. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मुरत ठेवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची. मग पुन्हा कॉस्टिकमध्ये विरघळवला, की मधासारखा दाट व्हिस्कोज तयार होतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक छिद्रांतून आम्लात सोडला, की धागा होतो.

गंमत अशी, की तेव्हा सेल्युलोज ही हजारो दुव्यांची साखळी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हरमान श्टाउडिंगर यांनी महारेणूंची कल्पना १९२०मध्ये मांडली. तीही सहजी स्वीकारली गेली नाही. नोबेल मिळायला १९५३ उजाडलं.

साखळी अरुंद जागेत अडते म्हणजे काय? कारखान्यातलं छिद्र तिच्या मानाने प्रचंडच असतं. मोकळ्या द्रावातली गुंतवळ नॅनोमीटरांत मोजायची, छिद्र त्याच्या हजारोपट रुंद. खरी अडचण शेजाऱ्यांची. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये दोन्ही बाजू माणसांनी बंद असतात. सरकायचंच तर पुढे-मागे, मिळेल त्या फटीतून. दाट द्रावातल्या साखळीचंही तसंच. सॅम एडवर्ड्स यांनी १९६७मध्ये या अदृश्य भिंतींना नळीचं रूप दिलं. १९७१मध्ये पिएर-जिल द जेन यांनी साखळी त्या नळीतून सापासारखी सरपटते असं दाखवलं. त्यांच्या हिशेबात साखळीची लांबी दुप्पट झाली, की नळीतून सुटायला आठपट वेळ लागतो. वितळलेल्या पॉलिमरवरच्या प्रयोगांत तर दाटपणा सुमारे दसपट वाढतो.

आता लगदा मुरत ठेवण्याचा अर्थ लागतो. त्या अवधीत हवेतला ऑक्सिजन लांब साखळ्या तोडतो. कमी मुरला तर व्हिस्कोज छिद्रातून रेटणं कठीण, जास्त मुरला तर धागा कमकुवत. किती तास, किती तापमान, याचा अंदाज कारखान्यांनी अनुभवातून बांधला होता. सिद्धान्त मागाहून आला.

पण या ज्ञानाची किंमतही होती. कार्बन डायसल्फाइडची वाफ मज्जातंतू आणि मन दोन्ही पोखरते, हे फ्रेंच डॉक्टर ओग्युस्त देलपेश यांनी १८५६मध्येच, रबर कामगारांना तपासून लिहिलं होतं. म्हणजे धाग्यातल्या साखळीचा शोध लागण्याच्या चौसष्ट वर्षं आधी तिला विरघळवणाऱ्या रसायनाचा धोका माहीत होता, आणि तरीही व्हिस्कोजचे कारखाने जगभर उभे राहिले.

२००९मध्ये मोहन्याच्या कारखान्याला टाळं लागलं. द जेन यांची समीकरणं पुस्तकांत सुखरूप आहेत. लगदा किती मुरला हे ओळखणाऱ्यांचं ज्ञान मात्र बहुधा पाळीतून पाळीकडे तोंडी जाई. पाळीच उरली नाही, तर ते कुणाकडे जाणार? पॉलिमरचा इतिहास लिहिताना नोबेलच्या यादीशेजारी त्या पाळ्यांनाही जागा हवी.