लखनौचे नकाशे

१८५७ च्या नोव्हेंबरची नववी तारीख होती. लखनौच्या रेसिडेन्सीला पडलेल्या वेढ्यास चार महिने उलटून गेले होते. आत कोंडलेल्या इंग्रज फौजेचा सेनापती जेम्स औट्रम होता. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा तो हाच. सुटकेसाठी चालून येणाऱ्या सर कॉलिन कँपबेलला शहराची वाट ठाऊक असलेला माणूस हवा होता. त्या रात्री टॉमस कॅव्हाना नावाचा एक कारकून तोंडाला काजळी फासून व देशी वेष धारण करून रेसिडेन्सीबाहेर पडला. त्याच्यासोबत कनौजीलाल नावाचा हेर होता. दोघे गोमती उतरून गेले, पुन्हा शहरात शिरून चौकातल्या वस्तीतून निघाले, अंधारात वाट चुकून दिलखुशाच्या बागेत भरकटले आणि पहाटे कँपबेलच्या माणसांना जाऊन मिळाले. पुढे कॅव्हानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्याचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत कायमचे राहिले. कनौजीलालचा उल्लेख बहुधा त्याच्याच कथेच्या ओघात येतो.

या प्रसंगातील खरे आश्चर्य शौर्याहून निराळे आहे. ज्या कंपनीने १७६७ सालीच बंगालमध्ये जेम्स रेनेलला सर्व्हेअर जनरल नेमले होते, तिच्या फौजेला नव्वद वर्षांनंतरही एका शहरात शिरण्यासाठी वाटाड्या लागावा! त्याहून गमतीची गोष्ट अशी की, कँपबेलची फौज ज्या मार्टिनियरच्या आवारातून पुढे सरकली, ती वास्तू रेनेलच्याच हाताखाली मोजणीचे काम केलेल्या क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाने उभारलेली होती. हा मार्टिन १८०० साली लखनौतच वारला आणि त्याच वास्तूच्या तळघरात त्याचे दफन झाले. मोजणीदाराची कबर शहरात होती, पण त्या शहराच्या गल्ल्यांचे ज्ञान मात्र गल्लीत राहणाऱ्यांपाशीच होते.

मार्च १८५८ मध्ये लखनौ पुन्हा इंग्रजांच्या हाती पडले आणि ही उणीव त्यांनी आपल्या पद्धतीने भरून काढली. रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनिअरने शहर ताब्यात ठेवण्याची योजना आखली. गल्ल्या समजून घेण्यापेक्षा त्या पाडून टाकणे त्याला सोयीचे वाटले. दाट वस्ती चिरून रुंद, सरळ रस्ते काढण्यात आले. तोफेचा मारा निर्वेध व्हावा म्हणून मच्छीभवनच्या किल्ल्याभोवतीची घरे जमीनदोस्त झाली. नकाशा आधी कागदावर उतरला आणि मग शहराला त्याच्याप्रमाणे व्हावे लागले. त्या किल्ल्याच्या जागी पुढे किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज उभे राहिले. तेथे उपचारासाठी येणाऱ्या कोणाला या जमिनीचा पूर्वेतिहास आठवत असेल असे वाटत नाही.

१८७४ साली दारोगा अब्बास अली या नगरपालिकेच्या साहाय्यक इंजिनिअरने पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ आल्बम’ काढला आणि त्याला शहराचा एक मोठा नकाशा जोडला. शहरात वावरणाऱ्या एका हिंदी माणसाने ते लोकांसमोर ठेवावे, ही घटना आपल्या परीने महत्त्वाची आहे. पुढे १९१६ व १९१७ साली स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडीस याने लखनौच्या नगररचनेविषयी नगरपालिकेला अहवाल सादर केले. हा गृहस्थ १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, म्हणून मराठी वाचकाला तो परका नाही. गेडीसचा आग्रह असा की, शहर आधी पायी हिंडून पाहावे, झाड, विहीर, अंगण यांची नोंद करावी आणि पाडापाड कराल ती शस्त्रवैद्याप्रमाणे, लागेल तेवढीच करावी. नेपियरच्या दृष्टीला हे सडेतोड उत्तर होते. तथापि गेडीसला ऐकणारे थोडे आणि नकाशाच्या किल्ल्या सरकारच्याच हाती.

त्या किल्ल्या स्वातंत्र्यानंतरही फार काळ तेथेच राहिल्या. सीमाभागाचे व किनाऱ्याचे सविस्तर नकाशे सर्वसामान्यांना मिळत नसत. इंग्लंडात अडचण निराळी होती. तेथील ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे उत्तम, पण त्यांची सामग्री पैसे मोजल्याखेरीज वापरता येत नसे. याच अडचणीतून २००४ साली स्टीव्ह कोस्ट या लंडनमधील विद्यार्थ्याने ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम सुरू केला. कल्पना साधीच होती. प्रत्येकाने आपल्या पायाखालचा रस्ता स्वतः मोजावा आणि सर्वांच्या एका नकाशात भरावा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून पोर्तोप्रँस शहराचे रस्ते काही दिवसांतच रेखाटले आणि मदतपथकांनी ते वापरले. त्यानंतर या उपक्रमास पोरखेळ म्हणणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

या नकाशाची रचना समजण्यास कठीण नाही. विहीर किंवा दुकान म्हणजे एक बिंदू, रस्ता म्हणजे बिंदूंची माळ, आणि प्रत्येकाला जोडलेल्या काही नोंदी: नाव, रुंदी, वाहनांना मज्जाव आहे की नाही. प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला हे जपून ठेवलेले असते. त्यामुळे कोणी खोडसाळपणा केला तर तो परतवता येतो. दुसऱ्याच्या नकाशावरून नक्कल करण्यास मात्र सक्त मनाई आहे. स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे, अथवा ज्याच्या वापरास परवानगी आहे ते घ्यावे. २०१२ पासून लागू असलेल्या परवान्यानुसार ही सामग्री कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, वापरू शकतो; मात्र श्रेय देणे आणि सामग्रीत भर घातली तर तीही खुली ठेवणे बंधनकारक आहे.

लखनौच्या चौकात या पद्धतीची खरी कसोटी लागते. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्यामधल्या वस्तीत गच्च्या व सज्जे इतके पुढे आलेले की आकाशातून घेतलेल्या चित्रात छपरेच दिसावीत. मोबाइलचा स्थानदर्शकही अरुंद गल्लीत भिंतींमुळे दहा-वीस पावले चुकतो. कोणत्या गल्लीतून हातगाडी जाते, कोणती पुढे बंद होते आणि कोणत्या वळणाला रहिवासी काय म्हणतात, हे चालणाऱ्यालाच कळते. कनौजीलालपाशी होते ते हेच ज्ञान. फरक एवढाच की, ते आता मागून येणाऱ्या सर्वांसाठी नोंदवून ठेवता येते आणि रुग्णवाहिकेच्या चालकालाही त्याचा उपयोग होतो.

भारतात या कामावरचे सरकारी मळभ १५ फेब्रुवारी २०२१ रोजी बरेचसे दूर झाले. त्या दिवशी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगी लागेनाशी झाली. संरक्षणदृष्ट्या नाजूक अशा काही बाबी मात्र वगळाव्याच लागतात. मध्य कमानीचे मुख्यालय आणि मोठी छावणी असलेल्या लखनौत ही मर्यादा पावलोपावली जाणवणारी आहे.

नावांचा प्रश्न त्याहून नाजूक. पूर्वीचे व्हिक्टोरिया पार्क १९६२ साली बेगम हजरत महल पार्क झाले. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयाला गव्हर्नर मॅरिसचे नाव होते. १९६६ मध्ये ते भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०२२ साली त्याचे विश्वविद्यालय झाले. छापील नकाशात अशा वेळी जुने नाव पुसले जाते. या नकाशात जुन्या नावासाठी वेगळा रकाना आहे, तसाच प्रत्येक भाषेसाठीही. उर्दू रकान्यात ज्याला चौकाची नावे शुद्ध लिहिता येतात, असा माणूस तेथे पदवीधर इंजिनिअरपेक्षा अधिक उपयोगाचा. मराठी रकानाही आहे. हिंदी माणूस या शहराला ‘लखनऊ’ लिहितो, आपण ‘लखनौ’ लिहितो, आणि एकाच बिंदूखाली ही दोन्ही रूपे सुखाने राहू शकतात.