पोर्तुगालचा मान आणि त्याची माणसे

श्रीमंगेश, श्रीमहालसा आणि श्रीशांतादुर्गा यांच्या दर्शनास जाणारे भाविक फोंडे महालात पाऊल ठेवतात, तेव्हा ही दैवते सोळाव्या शतकात साष्टीतून हलवून येथे का आणावी लागली, ही हकीकत त्यांस सांगावी लागत नाही. त्या काळी हा मुलूख आदिलशाहीत होता आणि पोर्तुगीज सत्तेचा हात येथवर पोहोचत नव्हता. परंतु याच फोंड्यात १९६१ च्या डिसेंबरापासून पुढील मे महिन्यापर्यंत पोर्तुगीज सैनिक तारांच्या कुंपणाआड मायदेशी जाण्याची वाट पाहत बसले होते, हे मात्र आजच्या पिढीतील थोड्यांसच ठाऊक असेल. गोव्यातील निरनिराळ्या छावण्या मिळून त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक होती. छत्तीस तासांच्या आसपास चाललेल्या लढाईनंतर पाच महिने कैद, हे प्रमाण विलक्षण आहे. या पाच महिन्यांचा उलगडा गोव्यापेक्षा लिस्बनमध्ये अधिक होतो, असे आमचे मत आहे.

पोर्तुगाल हे राष्ट्र आकाराने लहान. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. आणि त्या वेळची लोकसंख्या ९० लाखांच्या घरातील. अशा राष्ट्राने जगात आपले स्थान कशाच्या बळावर राखावे? डॉक्टर सालाझार यांनी या प्रश्नाचे एकच उत्तर पक्के केले होते : समुद्रापलीकडील मुलूख. १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून ‘वसाहती’ हा शब्द काढून टाकण्यात आला आणि त्या जागी ‘सागरपार प्रांत’ आले. एका शब्दाच्या फेरफाराने गोवा, अंगोला, मोझांबिक हे सारे पोर्तुगालचेच अवयव ठरले. मग सोडून द्यावयास वसाहत म्हणून काही उरलेच नाही, आणि वाटाघाटीसही विषय उरला नाही. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली व १९५५ मध्ये दिल्लीतील पोर्तुगीज वकिलातीस टाळे लागले. त्यानंतर दिल्लीत पोर्तुगालच्या हितसंबंधांची काळजी ब्राझीलने वाहिली.

धोरणात चातुर्य नव्हते असे कोणी म्हणू नये. १९४९ पासून पोर्तुगाल हा नाटो कराराचा संस्थापक सदस्य होता. दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेचा तंटा त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि १९६० च्या एप्रिलात निकाल पदरात पाडून घेतला. त्यात खाजगी व्यक्ती व माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क मान्य झाला, परंतु सैन्य आणि शस्त्रे यांचा झाला नाही. लिस्बनने मात्र तो आपला जयच मानला. इंग्लंडशी चौदाव्या शतकापासूनचा मैत्रीचा तह होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्याच तहाचा आधार घेऊन इंग्लंडने अझोर्स बेटांवर तळ मागितले आणि ते त्यास मिळालेही. गोव्याच्या वेळी लिस्बनने तोच तह पुढे केला, तेव्हा लंडनने भारत हा राष्ट्रकुलाचा सदस्य आहे हे ध्यानात घेऊन हात आखडता घेतला. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीपुढे पोर्तुगालच्या बाजूचा ठराव आला, त्यास सात मते पडली आणि सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकाराने तो बारगळला. मते मिळाली, साहाय्य मिळाले नाही. ज्याच्या पदरी अन्य सामर्थ्य नाही अशा राष्ट्राने मित्रांच्या वचनावर इतका भार टाकावा, हे आम्हांस साहसच वाटते.

या साऱ्या धोरणात गोव्यात असलेल्या पोर्तुगीज माणसांसाठी कोणती तजवीज होती, हे पाहू लागले की मोठी रिकामी जागा दिसते. ९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनकडे निघालेले ‘इंडिया’ नावाचे जहाज मुरगांव बंदरास लागले. युद्ध दारात उभे आहे हे शेंबड्या पोरासही कळत होते. तरी लिस्बनची आज्ञा अशी की, या जहाजावर कोणासही चढू देऊ नये! बायकामुले पळून गेली तर ‘हा पोर्तुगालचाच प्रांत आहे’ हा दावा जगापुढे दुबळा ठरेल, हाच यामागील विचार असावा. गव्हर्नर-जनरल मानुएल आंतोनियु वासालु इ सिल्व्हा यांनी ती आज्ञा बाजूस ठेविली. ३८० उतारूंच्या जहाजावर सुमारे ७०० माणसे चढली. शौचकूपांतसुद्धा माणसे बसली होती असे वर्णन आढळते. बहुतेक स्त्रिया व मुले. लिस्बनला न विचारता नव्हे, तर लिस्बनने नाही म्हटले असता हे झाले. परदेशी अडकलेल्या आपल्या माणसांस साहाय्य करणे हे शासनाचे काम मानिले, तर त्या आठवड्यात पोर्तुगालच्या बाजूने ते काम एका अधिकाऱ्याने अवज्ञा करून पार पाडले.

दुसरी आज्ञा याहून कठोर होती. १४ डिसेंबरच्या संदेशात सालाझार यांनी किमान आठ दिवस प्रतिकार करण्यास सांगितले आणि तह नको, कैदी नकोत, पोर्तुगीज सैनिक व खलाशी एक तर विजयी व्हावेत नाही तर मरावेत, असा भाव त्यात स्पष्ट केला. भारतीय बाजूस ३० हजारांहून अधिक सैन्य, विमाने आणि युद्धनौका होत्या. आठ दिवस कशासाठी? तेवढ्या अवधीत जगाचे मत ढवळून निघेल, मित्रराष्ट्रे हलतील, यासाठी. म्हणजे सैनिकांनी भूमी राखावयाची नव्हती. त्यांच्या प्रेतांच्या राशींनी मुत्सद्द्यांस युक्तिवाद पुरवावयाचा होता. १९ डिसेंबरच्या सायंकाळी वासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजू मिळून पन्नासेक माणसे कामी आली, त्यांतील २२ भारतीय. आज्ञा पाळली गेली असती तर पणजी, म्हापसा, मडगाव येथील किती गोमंतकीय घरांची राख झाली असती, याचा विचार आपणही करावयास हवा. शत्रूच्या सेनापतीने दाखविलेल्या या विवेकाचे थोडे श्रेय त्यास देण्यात आपल्या मुक्तीसंग्रामाचे काही उणे होत नाही.

मग कैद. आपण लवकरच सुटू अशी सैनिकांची अपेक्षा होती. परंतु त्यांस न्यावयाचे कोणत्या विमानांतून यावर घोडे अडले. लिस्बनचा हट्ट पोर्तुगीज विमानांचा. दिल्लीचे म्हणणे तटस्थ देशाची विमाने असावीत. हा वाद चालू असता सालाझार यांनी मोझांबिकमधील भारतीय नागरिकांस, सुमारे बाराशे जणांस, स्थानबद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणारी ही माणसे. त्यांतील अनेकांनी गोवा डोळ्यांनी पाहिलाही नसेल. त्यांचा अपराध एवढाच की, त्यांच्यापाशी भारताचे पारपत्र होते. आपल्या कैद्यांच्या बदल्यात वटविण्याचे नाणे म्हणून त्यांस धरले, असा आरोप तेव्हाच झाला. त्यामुळे वाटाघाटी सुलभ तर झाल्या नाहीतच, उलट लांबल्या. आणि फोंड्याच्या छावणीतील पोर्तुगीज शिपायाची कैद त्याच्याच शासनाच्या या कृत्याने वाढली.

छावणीत सारे सुरळीत होते असे नव्हे. १९ मार्च १९६२ रोजी काही कैद्यांनी केरकचऱ्याच्या गाडीतून पळण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्यांच्या अधिकाऱ्यांस लष्करी न्यायालयाची व देहदंडाची धमकी देण्यात आली. सैन्यासोबत असलेले जेझुइट धर्मगुरू फेरेरा दा सिल्व्हा मध्ये पडले म्हणून प्रसंग निभावला. त्यानंतर कार्लुश आझेरेदु या कप्तानास बंदुकीच्या दस्त्यांनी मारहाण झाली. ही गोष्ट आपल्या बाजूस शोभा देणारी नाही. पण इतिहास लिहावयाचा तर दोन्ही पारडी भरली पाहिजेत.

अखेर मे महिन्यात फ्रेंच विमाने भाड्याने घेऊन कैद्यांस कराचीस नेण्यात आले व तेथून ‘व्हेरा क्रूझ’, ‘पात्रिया’ आणि ‘मोसांबिक’ या तीन जहाजांनी ते स्वदेशी निघाले. जहाजे तेजु नदीत शिरली तेव्हा धक्क्यावर आप्तेष्ट उभे होते. पण उतरणाऱ्या सैनिकांच्या सामोरे प्रथम आले ते बंदुका रोखलेले लष्करी पोलीस. आईबापांची भेट नंतर, उलटतपासणी आधी. २२ मार्च १९६३ रोजी मंत्रिमंडळाने गव्हर्नर-जनरल, त्यांचे सेनाधिकारी आणि इतर काही, मिळून डझनभर जणांस भ्याडपणाचा ठपका ठेवून सैन्यातून काढून टाकिले. आणखी काहींस सहा महिने निलंबित केले. सातशे माणसे वाचविणारा अधिकारी त्या यादीत सर्वप्रथम होता. इकडे पार्लमेंटमध्ये गोव्याच्या प्रतिनिधींची आसने मात्र कायम राहिली. प्रांत कागदावर जिवंत होता.

आता आपल्याकडे वळू. भारत हे काही लहान राष्ट्र नव्हे, तरी परदेशातील आपल्या माणसास सोडविण्याच्या कसोटीवर त्यासही घासून पाहणे न्याय्य आहे. सांगलीचे मोहन रानडे फोंड्याजवळील सावई-वेरे येथे मराठी शाळेत शिक्षक म्हणून आले व आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ साली बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांस लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात ठेविले. फोंड्याचे युद्धकैदी तेजुच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा हा फोंड्याचा शिक्षक तेथून थोड्याच अंतरावर कोठडीत होता. तीन हजार माणसे परत पाठविताना एकाची सुटका पदरात पाडून घेता आली नाही, हा सल महाराष्ट्र-गोमंतकात दीर्घकाळ बोलून दाखविला गेला, आणि तो निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही. लिस्बनमध्ये आपली वकिलात नव्हती, हे कारण खरे. परंतु ब्राझीलसारखा मध्यस्थ पोर्तुगालला लाभला होता, हेही खरे. पुढे सुटकेसाठी महाराष्ट्रात चळवळ झाली, तीत सुधीर फडके अग्रभागी होते. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोप पॉल सहावे यांच्या भेटीत या कैद्यासाठी शब्द टाकिला. १९६९ च्या जानेवारीत रानडे मुक्त झाले. तमिळ मुख्यमंत्री, रोमचा धर्मगुरू आणि मराठी कैदी : जे काम राजनैतिक मार्गाने व्हावयाचे, ते अशा आडवाटेने झाले.

नागरिकत्वाचा गुंता याहून सूक्ष्म. २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेले आणि ज्यांचे आईबाप वा आजाआजी तेथे जन्मले ते, भारतीय नागरिक ठरले. ज्यांस पूर्वीचेच नागरिकत्व ठेवावयाचे होते त्यांनी एका महिन्यात तसे लिहून द्यावे, अशी सवलत होती. मोन्सिन्योर रेमेदियुस मोंतेरो या धर्मगुरूंनी तसे लिहून दिले आणि ते आपल्याच भूमीत परकीय झाले. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांनी ना ती वाढवून मागितली, ना गोवा सोडला. जिनिव्हा कराराचा आश्रय घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निर्णय दिला की, गोवा आता व्याप्त प्रदेश नसून भारताचाच भाग आहे. सबब व्याप्त प्रदेशातील लोकांस मिळणारे संरक्षण येथे लागू नाही. ज्या राष्ट्राचे नागरिकत्व मोंतेरो यांनी हट्टाने जपले, त्या राष्ट्राचा वकीलसुद्धा त्या वेळी दिल्लीत नव्हता.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने लिस्बनमधील राजवट कोसळली. त्याच वर्षी वासालु इ सिल्व्हा यांस त्यांचा लष्करी दर्जा परत मिळाला; पुढे ते गोव्यास येऊन गेले, तेव्हा त्यांचे स्वागत आपुलकीने झाले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत दोन परराष्ट्रमंत्र्यांनी तहावर सह्या केल्या : पोर्तुगालच्या वतीने मारियु सुआरिश आणि भारताच्या वतीने यशवंतराव चव्हाण. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. तेरा वर्षांपूर्वी माणसांच्या प्राणांपेक्षा मोलाचा मानलेला दावा एका सहीने निकालात निघाला.

तहाने सारे हिशेब फिटले नाहीत. मुक्तीपूर्वी गोमंतकातील अनेक घरांनी, हिंदू तशीच ख्रिस्ती, अडीअडचणीस बांको नासियोनाल उल्त्रामारिनु या पेढीच्या पणजी शाखेत दागिने गहाण टाकिले होते. लढाईपूर्वी ते सोने लिस्बनला हलविण्यात आले. माणसांस जहाजावर चढू देऊ नये म्हणणाऱ्या शासनाने गहाणाच्या बांगड्या-पाटल्यांची व्यवस्था मात्र वेळीच लाविली होती! ते दागिने भारतात परतण्यास १९९१ साल उजाडले. तोवर गहाण ठेवणाऱ्या कित्येक स्त्रिया हयात नव्हत्या.

नागरिकत्वाचे दार मात्र पोर्तुगालने उघडे ठेविले आहे. १९६१ च्या त्या दिवसापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस आणि त्यांच्या वंशजांस नोंदणी करून पोर्तुगीज पारपत्र घेता येते. हजारो गोमंतकीयांनी ते घेतले आणि त्याच्या आधारे इंग्लंडपर्यंत गेले. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. म्हणून ते घेणाऱ्यास इकडचे सोडावे लागते. आपल्या गावच्या देवस्थानाच्या महाजनांच्या नोंदवहीत नाव असलेल्या घरांतूनही आता जुने पोर्तुगीज जन्मदाखले शोधिले जातात. आणि ज्या कचेरीच्या शिक्क्याने १९६१ साली कोणाचेही रक्षण झाले नाही, त्याच शिक्क्यासाठी पणजीत नातवंडे रांगेत उभी राहतात.