आपली गच्ची : नैऋत्येकडून आग्नेयेकडे

पाण्याची टाकी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स यांचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासदांनी लिहिला आहेच. मी लिहिणार आहे तो गच्चीवरच्या एका दुर्लक्षित वस्तूबद्दल, म्हणजे टीव्हीचा अँटेना आणि त्याच्या जागी आलेली डिश. कारणही तसेच आहे. वॉटरप्रूफिंगच्या कामाआधी गच्चीवरचे 'सगळे भंगार' काढावे, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्या भंगारात नेमके काय काय आहे, हे मतदानाआधी ठाऊक असावे.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीचा मनोरा ठाण्याहून नैऋत्येला, म्हणून ठाण्यातल्या प्रत्येक कौलारू घरावरच्या आणि चाळीवरच्या अँटेनाचे तोंड नैऋत्येला. माशाच्या काट्यासारखा दिसणारा हा अँटेना मूळ जपानी. उदा आणि यागी या दोन संशोधकांनी तो १९२६ च्या सुमारास तयार केला. वायर जोडलेली दांडी एकच. तिच्या मागची दांडी लहरी परत फेकते आणि पुढच्या दांड्या त्यांना वाट दाखवतात. अँटेनाला वीज लागत नाही की मासिक भाडे. कावळा बसून तोंड फिरले, की एकाने वर चढायचे, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचे, "नाही, अजून मुंग्याच!" समोर उंच इमारत झाली, की लहर तिच्यावर आपटून उशिरा पोचायची आणि एका निवेदिकेच्या दोन दिसायच्या.

तो टीव्ही तेव्हा अगदी फुकट नव्हता, हे तरुण सभासदांना ठाऊक नसेल. संचाचे लायसन्स असायचे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बंद झाले. १९८२ मध्ये रंग आले, १९८७ मध्ये 'रामायण' आले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. ज्यांच्याकडे व्हीसीआर होता, ते कार्यक्रम उतरवून ठेवत. एका कॅसेटवर तीन तास. कॅसेट महाग, म्हणून जुन्यावर नवे चढवायचे. आमच्या पिढीच्या कितीतरी आठवणी अशा पुसल्या गेल्या.

आपण २००० साली इथे राहायला आलो, तेव्हा केबलचा जमाना होता. या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरी लोंबत. तरी दोन-चार सभासदांनी जुन्या घरचे ॲल्युमिनियमचे अँटेने बरोबर आणले होते. केबल गेली, की शेजारीपाजारी त्यांच्याकडे क्रिकेटला जमत.

फुकटच्या टीव्हीचा दुसरा अध्याय १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाला. त्या दिवशी 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. तिचेच पुढे 'डीडी फ्री डिश' झाले. साठेक सेंटिमीटरची डिश, तिच्या तोंडाशी एलएनबी, खाली येणारी वायर आणि सेट-टॉप बॉक्स. संच एकदा घेतला, की महिन्याचे काही नाही. आज हा संच साधारण दीड-दोन हजारांत बसतो. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. म्हणून आपल्या गच्चीवरच्या फ्री डिशचे तोंड आग्नेयेला, आणि बरेच वर आभाळाकडे. इतक्या वर्षांत एवढीच दिशा बदलली म्हणा ना!

डिजिटलचा स्वभाव मात्र वेगळा. जुन्या चित्रात मुंग्या आल्या, तरी माणूस ओळखू येई. डिजिटल चित्र एकतर स्वच्छ येते, नाहीतर चौकोन चौकोन होऊन थिजते. जुलैच्या मुसळधार पावसात लहरी अडतात, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे धीर धरावा. बॉक्सला शिव्या देऊ नयेत.

जमिनीवरच्या मनोऱ्यांवरूनही डिजिटल प्रक्षेपण आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसार भारतीने १६ शहरांत ते सुरू केले. त्यात आपल्या राज्यातली मुंबई आणि औरंगाबाद ही शहरे होती. त्यासाठी टीव्हीत टी-टू ट्यूनर हवा किंवा मोबाइलला डोंगल. आपल्या इमारतीत ते कोणी लावून घेतले नाही. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपकांपैकी बहुतेक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. नैऋत्येचा जुना हिशेब तिथे मिटला.

आता थोडा बँकेचा हिशेब. फेब्रुवारी २०१९ च्या नव्या दरपद्धतीत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये नेटवर्क शुल्क ठरले. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला १,८४० रुपये ८० पैसे. पे चॅनेलचे पैसे वेगळे. ज्यांना बातम्या, सह्याद्री वाहिनी आणि एखादा जुना सिनेमा पुरतो, त्यांचा फ्री डिशचा सगळा खर्च साधारण वर्षभरात वसूल होतो. 'फुकट ते पौष्टिक' हे मात्र दरवेळी खरे नसते. खासगी वाहिन्या फ्री डिशवरची जागा लिलावात पैसे भरून घेतात. २०१९ मध्ये काही मोठ्या वाहिन्या उठून गेल्या, नंतर परत आल्या, पुन्हा गेल्या. खात्रीच्या म्हणाव्यात तर दूरदर्शनच्या वाहिन्या.

रेकॉर्डिंगही आता स्वस्त झाले आहे. बॉक्सला यूएसबीची खाच आणि रेकॉर्डिंगची सोय असेल, तर पेन ड्राइव्ह लावून बटण दाबायचे. साध्या चित्राला तासाला दीडेक जीबी लागते. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर वीसेक तास. पूर्वीच्या सहा-सात कॅसेटी एका नखाएवढ्या वस्तूत! फाइल चार जीबीची झाली, की काही बॉक्स दुसरी फाइल सुरू करतात, घाबरू नये. २८ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमध्ये 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, तेव्हा बी विंगमधल्या एका आजींनी नातवाकडून ते असे उतरवून घेतले. पहिल्या वेळचे भाग पाहताना शेजारी बसलेले आजोबा आता नव्हते. आजी ते भाग अजूनही दुपारी लावतात.

गच्चीवरच्या सात-आठ डिशपैकी निम्म्या बंद कनेक्शनच्या आहेत. त्या खुशाल भंगारात द्याव्यात. चालू आहेत त्या वॉचमनच्या केबिनच्या, पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या भगिनींच्या आणि तळमजल्यावरच्या भाडेकरूंच्या. त्यातले वॉचमन आणि भाडेकरू सभेला येत नाहीत, त्यांना मतही नाही. म्हणून माझी सूचना अशी. सोसायटीने एकच सामाईक फ्री डिश घ्यावी, ती स्लॅबला भोक न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यावर उभी करावी आणि मल्टिस्विच लावून डक्टमधून वायर ज्याला हवी त्याला द्यावी. वॉटरप्रूफिंगही सुरक्षित, गच्चीही मोकळी. खर्च सिंकिंग फंडाला हात न लावता, वापरणाऱ्यांत वाटून घेता येईल.

पंचवीस वर्षांत आपण या गच्चीवर पापड वाळवले, कोजागिरी केली, सोलर बसवले. आभाळातून सगळ्यांना सारखे मिळणारे जे आहे, ते पकडायला एका कोपऱ्यातली चार फूट जागा आपण राखून ठेवावी, एवढेच मागणे.